रुईची तेजी, बैलांचा इसार

मी दोन जमाती शिकलो, त्याही उर्दूत. निजामाच्या राज्यात आमच्याकडं शाळा तसलीच होती. तिसऱ्या जमातीत मास्तरानं कान धरला, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि पुन्हा गेलो न्हाई. म्हणून मला कुणी अडाणी म्हणू नये. रुईच्या बाजारातली तेजी-मंदी मी जी शिकलो ती कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, आणि ती मला कुणी फुकट शिकवली न्हाई.

आमचं गाव आष्टीच्या वाटेवर. जमीन थोरल्या भावाच्या नावावर, गाडी त्याची, बैल त्याचे. मी हाकणारा. दिवाळीनंतर कापूस भरून जालन्याला जिनात न्यायचा, तिथं सरकी काढून रुई व्हायची, तिथं गाड्यांची रांग लागायची, आणि नंबर येईपर्यंत करायचं काय? मी एका मारवाडी शेटजींच्या पेढीच्या पायरीवर बसायचो. शेटजींचे आजोबा राजस्थानातून आल्ते, पण ह्यांचा जन्म जालन्याचा. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, फक्त रागावले की हिंदीत जायचे, आणि शेतकरी दिसला की पाटील न म्हणता पटेल म्हणायचे.

पेढीवर सकाळ-दुपार मुंबईची तार यायची. तारवाला सायकलवरून उतरायच्या आत गल्लीतली माणसं उठून उभी राहायची. भाव चढला की गलका, उतरला की चिडीचूप. ज्यांच्याकडं बोंडभर कापूस नव्हता तेही ओरडायचे. मला ते कोडं सुटत नव्हतं.

एकदा विचारलं, "शेटजी, ह्या माणसांचा माल कुठंय?"

"माल न्हाई पटेल, बोल आहे."

मग त्यांनी सांगितलं. आजचा भाव धरायचा. महिनाअखेरच्या वायद्यापर्यंत भाव चढला, तर तेजी घेणाऱ्यानं म्हणायचं, मला त्या जुन्या भावानं द्या. देणाऱ्याला द्यावंच लागतं. रुई उचलायची न्हाई, वरचा फरक घ्यायचा. भाव पडला, तर घेणाऱ्यानं गप घरी बसायचं, त्याच्यावर जबरदस्ती न्हाई. मंदी ह्याच्या उलटी. तिच्यात जुन्या भावानं विकायचा हक्क, म्हणजे भाव पडला की फायदा.

"मंग देणाऱ्याला काय मिळालं?"

"नजराणा. तो आधी घ्यायचा, परत द्यायचा न्हाई."

मी मांडीवर थाप मारली. "म्हंजे इसार! बैलबाजारात आम्ही देतो तसा. जोडी ठरवायची, इसार द्यायचा, पुढच्या बाजारापर्यंत जोडी आपली. न्हाई घेतली तर इसार बुडाला."

शेटजींनी मान हलवली. "हां हां, तसंच." तेवढ्यात तारवाला आला आणि ते उठले. मीही पुढं विचारलं न्हाई. एकदा समजलं म्हटल्यावर पुन्हा विचारायचं म्हणजे आपण बावळट ठरायचं.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं. स्वतःची जोडी. भावाच्या बैलांना मी चारा घालायचो, घुंगरं बांधायचो, आणि कुणी जोडीचं कौतुक केलं की भाऊ मिशीवर हात फिरवायचा. दोन हंगाम सुट्टीच्या दिवशी परक्याच्या गाठी स्टेशनावर वाहून मी निजामाचे थोडे हाली रुपये जमवले होते. तेवढ्यात जोडी बसत नव्हती. तेजी ती बसवील असा माझा हिशोब. जमवलेल्यातला चौथा हिस्सा मी शेटजींकडं नजराण्यात घातला, रुईच्या वजनाच्या दर पल्ल्यामागं पाच रुपये.

भावाला कळलं तेव्हा तो हसला. "कापूस न्हाई, सरकी न्हाई, आणि म्हणे व्यापार करून राह्यलाय! हवा इकत घेतली का रे पोत्यात भरून?"

"तू बैल इकत घेतोस तेव्हा काय त्याचं चालणं पोत्यात भरून आणतोस?" मी म्हणालो. बोलून गेलो, पण अर्थ मलाही धड लागला न्हाई.

आणि मग माझी झोप-भूक गेली. हातात काही नव्हतं, म्हणून हात रिकामे वाटायचे. जेवताना उठायचो, विनाकारण गाडीच्या चाकाची खीळ तपासायचो. जालन्याला जायला निमित्त शोधायचो. मीठ संपलं न्हाई तरी मीठ आणायला निघायचो. वर ढग दिसला तर पूर्वी वेचणी भिजेल म्हणून काळजात धस्स व्हायचं. आता वाटायचं, कुठंतरी भिजलं तर भाव चढेल. एका फेरीत वाट वाकडी करून जांब गावच्या देवळात गेलो. हात जोडले आणि तसाच उभा राह्यलो. भाव चढू दे म्हणायचं म्हणजे कुणाचं तरी पीक जाऊ दे म्हणायचं, आणि आमचंच थोडं वेचायचं बाकी होतं. काहीच न मागता बाहेर आलो. बैल जुंपताना दोन वेळा जोत चुकलं.

भाव चढला. आधी दोन, मग चार. माझे पाय जमिनीला लागेनात. इसार किमतीत धरतात, तेव्हा चार रुपये फरक आणि वर माझे पाच, असा हिशोब करत सरळ आष्टीच्या बाजारात गेलो. तिथं एक पांढरी खिल्लार जोडी होती. शिंगं अशी, की एका बैलाची सावलीच दुसऱ्यावर पडल्यासारखी वाटावी. विकणारा म्हातारा परतूरकडचा. भाव दुसऱ्याला कळू नये म्हणून उपरण्याखाली आम्ही एकमेकांची बोटं धरली, त्यानं चार दाबली, मी तीन, शेवटी मधेच ठरलं. इसार दिला. पुढच्या बाजारी सूर्य मावळेपर्यंत जोडी माझी.

दुसऱ्याच दिवशी पेढीवर गेलो. "शेटजी, आमचं द्या."

"काय द्यायचं?"

"चार वरचे, आणि नजराणा."

शेटजींनी चष्मा काढला. "नजराणा? तो तर गेला, पटेल. माझ्या पोटात गेला."

"इसार किमतीत धरतात!"

"बैलबाजारात धरतात. इथं भाव पाच चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. पाचाच्या वर चढला तर फायदा सुरू."

"तुम्ही मान हलवली होती!"

"इसार बुडतो म्हणालात, त्याला हलवली. पुढचं तुम्ही विचारलंच न्हाई."

पेढीवरची दोन माणसं हसली. शेटजी मात्र हसले न्हाई. म्हणाले, "ऐका. आजच सोडली तर मी परत घेतो, पाचाला. चार तर दिसतातच. वायद्याला अजून दिवस आहेत, त्याचा एक."

"दिवसांचे पैसे? दिवस काय तुमच्या बापाचे?"

"माझ्या न्हाई, तुमचे. तुम्हीच इकत घेतलेत. पण पाण्यात ठेवलेल्या गुळावानी आहेत ते, रोज थोडे विरघळतात. सगळे विरघळले की मग नुसता फरक उरतो."

मी तडक पायऱ्या उतरलो. ज्या पायऱ्या रागानं उतरलो त्या त्याच दिवशी चढायच्या, हे आमच्या घरात कुणी केलं न्हाई. गाडीवर बसलो, उतरलो, स्टेशनापर्यंत गेलो, परत आलो. बैलांना पाणी दाखवलं, त्यांनी प्यायलं न्हाई. पाच घेतले तर मुद्दल हातात, पण जोडीला पैसे कमी. थांबलो तर वायदा आष्टीच्या बाजारानंतर, म्हणजे इसार बुडणार. तेवढ्यात तारवाल्याची सायकल माझ्या गाडीला घासून गेली. पेढीवर चिडीचूप.

मी पायऱ्या चढलो.

"एक उतरला," शेटजी म्हणाले. "आता चाराला घेईन."

चार घेतले. मोजून कनवटीला लावले आणि पायऱ्या उतरलो.

आष्टीचा बाजार भरला तेव्हा मी इसार बुडवायच्या तयारीनंच गेल्तो. पण कापसाचे पैसे सगळ्यांच्या खिशात खुळखुळत होते आणि बैल महागले होते. पांढऱ्या जोडीभोवती जिनाचा माल वाहणारा एक ठेकेदार घिरट्या घालत होता. म्हातारा मला पाहून घाईनं पुढं आला. "पाव्हणं, तुमचा इसार परत घ्या. दुप्पट देतो. सोडा जोडी."

मला एकदम सगळं दिसलं. भाव चढलाय, आणि जुन्या भावाचा बोल माझ्याकडं आहे. ही तेजीच की! इथं मला कुणाला काही विचारायची गरज नव्हती.

"सूर्य वर हाय," मी म्हणालो. "दिवस माझा हाय अजून."

"अरे, पैसे तरी आणलेत का पुरे?"

"ते तुला कशाला? वेळेच्या आत आणले म्हंजे झालं."

म्हाताऱ्यानं माझा हात उपरण्याखाली ओढला. त्याची बोटं घामेजली होती. मी काही दाबलंच न्हाई, नुसता हात ठेवला. ठेकेदार मागून घाई करत होता. शेवटी म्हाताऱ्यानं आपली दुसरी जोडी पुढं केली, आणि पांढऱ्यांवरचा माझा हक्क सोडायच्या बदल्यात तिचा भाव इतका उतरवला, की माझ्याकडं होते तेवढ्या पैशांत ती बसली. एक तांबडा, एक करडा. करड्याचं एक शिंग टोकाला मोडकं.

घरी भावानं दोघांभोवती चक्कर मारली. "ही जोडी म्हणायची? एक नवरदेव, एक बँडवाला!"

"चालतात बराबर."

त्यानं खुरं पाह्यली, दात पाह्यले, आणि आपल्या बैलांच्या गव्हाणीतला कडबा उचलून ह्यांच्यापुढं टाकला.

पुढच्या फेरीला मी पेढीसमोरून मुद्दाम सावकाश गाडी नेली. शेटजी बाहेर उभे होते.

"जोडी झाली? तेजीत?"

"इसारात."

"एकच आहे ते, पटेल."

"एक न्हाई. इसार किमतीत धरतात."

ते हसले, मी हसलो न्हाई. मी बरोबर होतो. एवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली, आणि माझा हात आपोआप कासऱ्यावर आवळला. गाडी थांबली. भाव ऐकून मगच मी बैल हाकले.