निमकरबाई आणि सरळ आलेली रेघ

डॉ. वसुधा निमकर यांना मी प्रथम पाहिले ते पीएच.डी.च्या मुलाखतीत. मी पेठ तालुक्यातली, विद्यापीठात पहिल्यांदाच पाऊल टाकलेली. बाईंनी प्रश्न विचारला आणि घाबरून माझ्या तोंडून गेले, "मला नाय ठाऊक." शेजारचे दोघे गालात हसले. बाई म्हणाल्या, "थापा मारत नाही, हे बरं आहे. सोमवारपासून ये."

तेव्हा बाईंना एकच ध्यास होता, आमच्या नाशिकच्या रसायनशास्त्र विभागात ईएसआर यंत्र आणायचा. रेणूत जोडीदार नसलेला, एकटा इलेक्ट्रॉन असला की हे यंत्र त्याची खूण उमटवते. आपल्या अभिक्रियेत असा एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू, म्हणजे मुक्त मूलक, क्षणभर तयार होतो, असे बाईंनी शोधनिबंधात ठामपणे मांडले होते. पुरावा मात्र हाती लागत नव्हता. नमुने द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून आम्ही जीपने मुंबईला न्यायचो. कसारा घाट उतरेपर्यंत निम्मा नायट्रोजन उडून जाई आणि तिथल्या यंत्रावर रेघ सरळच येई, म्हणजे मूलकाची खूण नाहीच. "वाटेत मरतात गं माझे मूलक," बाई हळहळत. हेच कारण सांगत त्यांनी कित्येक वर्षे समित्यांचे उंबरे झिजवले. "मुंबई जवळ असताना नाशिकला कशाला?" असे कोणी म्हटले की त्या शांतपणे पुन्हा पहिल्यापासून समजावत. त्यांच्या जागी मी असते, तर कडाकडा भांडले असते.

अखेर यंत्र आले. त्यातला चुंबक एवढा जड, की दाराची चौकट काढावी लागली. बाईंनी हळदकुंकू वाहिले, नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडायला लावला. मग माझा ताजा नमुना लावला. रेघ सरळ! पुन्हा लावला, तरी सरळच. खात्रीचा, माहितीतला नमुना लावला, तर खूण झोकात उमटली. यंत्र ठणठणीत होते.

माझा सगळा प्रबंध त्या मूलकावर उभा होता. मी म्हणाले, "बाई, एवढ्यात कुणाला सांगू नका ना."

"का बरं? मूलक वाटेत मरत नव्हते, ते नव्हतेच. आता खरं काय घडतं ते तू शोध."

ज्या कारणासाठी यंत्र मागितले तेच चुकीचे निघाले, असे पत्र त्यांनी त्याच दिवशी समितीला लिहिले. निबंध छापणाऱ्या नियतकालिकालाही कळवले. अहो, कोण करतं असं!

पुढे माझ्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी दरडावून विचारले, "मार्गदर्शकांच्या विरुद्ध निष्कर्ष कसा काय?" बाई उभ्या राहिल्या. "चूक माझी होती, सर. हिने ती दुरुस्त केली." एवढेच बोलून खाली बसल्या. चेहऱ्यावर आनंद असा, की पदवी जणू त्यांनाच मिळत होती. मला रडू आवरेना.

बाई, साठी झाली म्हणून थांबायचे मनातसुद्धा आणू नका. तब्येत सांभाळा, ठणठणीत शंभरी गाठा. तुमची आणखी बरीच मते आम्हाला खोडून काढायची आहेत, आणि तेव्हा तुम्ही समोर बसलेल्या हव्यात.