तिसऱ्या खुर्चीवरची लॉरेन

लॉरेन ट्रेगेन्झाला पगार भांडणं मिटवण्याचा मिळत असे, आणि आमच्याकडे भांडण काही होत नसे.

अ‍ॅडलेडच्या आमच्या कचेरीत मेटा-अ‍ॅनालिसिस चालतं. एकाच औषधावर जगभर झालेल्या चाचण्या गोळा करायच्या, त्यांचे आकडे एकत्र करायचे आणि औषध लागू पडतं की नाही, ते एकदाचं सांगून टाकायचं. नियम असा, की प्रत्येक चाचणीचे आकडे दोघांनी एकमेकांना न विचारता उतरवायचे. जुळले तर उत्तम, नाही जुळले तर तिसऱ्याने निवाडा द्यायचा. ती तिसरी म्हणजे लॉरेन. आकडे उतरवणारे दोघं, ग्लेनिस आणि नील.

या दोघांचं चार वर्षांत एकदाही बिनसलं नव्हतं. आमचे संचालक डेस्मंड पॅस्को प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर ‘एकमत : शंभर टक्के’ असं ठळक छापून घेत. कचेरीचे कागद मी सांभाळतो. मतभेदांची वहीही माझ्याकडेच, कोरी करकरीत. लॉरेन खिडकीशी बसून शब्दकोडी सोडवी. शेवटी डेस्मंडने जूनअखेर तिसरी खुर्ची बंद करायचं ठरवलं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लॉरेनला कळलं, की इतर लोक फार शहाण्यासारखे वागले म्हणून आपली नोकरी गेली.

रिकामपण खायला उठलं तेव्हा तिने आमचा ताजा अहवाल वाचायला घेतला. वृद्धाश्रमातली माणसं पडू नयेत म्हणून द्यायची एक गोळी होती. शुक्रवारी अहवाल आरोग्य खात्याकडे जाणार आणि त्यावरून राज्यभर गोळी सुरू होणार, असं ठरलेलं. सात चाचण्यांत माणसांना खुर्चीतून उठून, तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते मोजलं होतं. आमचं उत्तर होतं, गोळी लागू पडते.

लॉरेनने मला हाक मारली. “ही बघ, अडतीस माणसांची चाचणी. बाकीच्या सहांत मिळून अकराशे आहेत. तरी एकूण उत्तरात निम्म्याहून जास्त वजन या अडतिसांचं!”

“असं कसं?”

“कारण म्हणे ही सगळी एका सेकंदाच्या आगेमागे चालली. ऐंशीच्या घरातली माणसं रे! कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची कंबर. कवायत करत होती का?”

मूळ लेखातला तो आकडा माणसामाणसांतला फरक सांगणारा नव्हताच. सरासरी किती पक्की आहे ते सांगणारा होता, आणि तो नेहमीच लहान असतो. माणसांतला फरक जितका लहान दिसेल, तितकं हिशेबात त्या चाचणीचं वजन जास्त. एकाच्या जागी दुसरा घेतला, की चिमुकली चाचणी सगळ्यांच्या डोक्यावर बसते. लॉरेनने योग्य आकडा घालून पाहिला. गोळीने फरक पडतो असं म्हणायला जागाच उरली नाही. उलट काहींना तिने चक्कर येते, हे त्याच लेखांत लिहिलेलं होतं.

ती ग्लेनिसकडे गेली. “हे तुम्ही दोघांनी वेगवेगळं उतरवलंत?”

“वेगवेगळंच की. मी माझ्या टेबलावर, तो त्याच्या.”

“आणि कुठला आकडा घ्यायचा, ते?”

“ते आम्ही सकाळी ट्राममध्येच ठरवून टाकतो. इथे येऊन कशाला वाद घालायचा?”

मग आम्ही दोघं डेस्मंडकडे गेलो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “पण दोघांचं जुळतंय ना?”

“जुळतंय. चुकीचं जुळतंय.”

“लॉरेन, तुझा अधिकार मतभेदावर. मतभेदच नाही, तर तू या कागदाला हात कुठल्या नियमाने लावलास?”

मला त्या माणसाचा इतका संताप आला, की हातातली फाइल त्याच्याच टेबलावर आपटली. त्याने ती सरळ करून ठेवली.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत लॉरेनने नीलला गाठलं. तो मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली भाजकी कचोरी, खात होता.

“नील, एकदाच. एकदाच ग्लेनिसशी भांड.”

“अगं, बावीस वर्षं शेजारी बसतो आम्ही ट्राममध्ये.”

“म्हणून म्हाताऱ्यांना चक्कर आणायची?”

नीलने हातातला मीट पाय अर्धा टाकला आणि जाऊन आपला आकडा बदलला. झाला मतभेद! माझ्या वहीत पहिली नोंद पडली, लॉरेनने निवाडा दिला, आणि शुक्रवारी अहवाल बरोबर उलटं सांगत खात्याकडे गेला. गोळी सुरू झाली नाही.

निरोपाच्या चहाला डेस्मंड म्हणाला, “जाता जाता लॉरेनने आमचं एकमत नव्व्याण्णव पूर्णांक सहावर आणलं.” सगळे हसले. ग्लेनिस हसली नाही. पुढे नऊ दिवस ती नीलशी बोलली नाही, आधीच्या ट्रामने यायची. नीलचं तोंड पाहवत नव्हतं.

मग खात्याने विचारलं, मागच्या अहवालांचं काय? डेस्मंडने चार वर्षांचे एकतीस अहवाल फेरतपासणीला काढले. काम नाजूक, म्हणून अनुभवी माणसांकडे दिलं. ग्लेनिसकडे आणि नीलकडे. दोन महिन्यांनी निकाल आला. एकही चूक नाही, एकमत शंभर टक्के. दोघं पुन्हा एका ट्रामने येऊ लागले होते.

मी लॉरेनला फोन केला. निकाल सांगितला.

“तुझी सांध्यांची गोळी त्या एकतिसांतलीच ना रे?”

“हो.”

“घेतोस अजून?”

“आज सकाळीच घेतली,” मी म्हणालो. “डॉक्टर म्हणतात, पुरावा भक्कम आहे.”