आधी उघडा

मावशीच्या प्रेमकथांमधला नायक कधी चंद्रतारे तोडून आणत नाही. फार तर तो नायिकेची खुर्ची उन्हातून सावलीत ओढतो. संपादक वैतागायचे, "अहो, जरा रंग भरा की!" मावशी ढिम्म. "रंग उडतात. खुर्ची रोज ओढावी लागते," असं फटकन सुनावायची.

काकांची नोकरी बदलीची, त्यामुळे तिने अकरा घरं बदलली. सामान काकाच बांधायचे आणि एका खोक्यावर ठळक लिहायचे, 'आधी उघडा'. त्यात मावशीचे कोरे कागद, पेनं आणि टेबललॅम्प. नव्या घरात चहाचं भांडं सापडायचं नाही, पण तिचं टेबल मात्र लागलेलं असायचं.

निवृत्तीनंतर बाराव्या घरात जाताना काकांचे हात थरथरू लागले होते, म्हणून खोकी मावशीनेच बांधली. मदतीला आलेल्या भाचीने सवयीने 'आधी उघडा' लिहिलेलं खोकं फोडलं. आत काकांची उशी, औषधांचा डबा आणि जुना रेडिओ.

"अगं मावशी, तुझे कागद कुठायत?"

"असतील कुठल्यातरी खोक्यात. पळून जाणारेत का?" मावशी म्हणाली आणि काकांची खुर्ची खिडकीतल्या उन्हातून सावलीत ओढू लागली.