कच्चा बर्फ, पक्का बर्फ

मला स्कीइंग येत नाही, पण स्की हिलचा रिपोर्ट माझ्याइतका मन लावून वाचणारा माणूस अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात दुसरा नसेल. डिसेंबर ते मार्च, रोज सकाळी चहाबरोबर मी तो फोनवर उघडतो. रात्री किती इंच बर्फ पडला, खाली साचलेला थर किती, कुठली लिफ्ट चालू, कुठली बंद. मग कुणी विचारलेलं नसताना घरभर ऐकू जाईल असा वाचून दाखवतो. बायको म्हणते, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. खरं तर मी उंटावरही नसतो. मी खाली कॅफेटेरियात हॉट चॉकलेट घेऊन बसलेला असतो. स्की करते ती आमची मुलगी.

करते म्हणजे, करायची. दहा वर्षांची असताना एका वळणावर तिचा पाय सटकला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड जुळलं, भीती तशीच राहिली. पडली तिथे आइस होता, एवढं तिच्या डोक्यात घट्ट बसलं. पुढच्या हिवाळ्यात मैत्रिणी दर शनिवारी जायच्या आणि ही गराजमध्ये बसून आपल्या स्की फडक्याने पुसायची. पुसून परत भिंतीला टेकवून ठेवायची. मला ते बघवत नव्हतं. शेवटी मार्चमध्ये, सीझन संपत आल्यावर, ती स्वतःच म्हणाली, "आय विल गो वन्स, पप्पा. पण नो आइस. आइस असला तर मी परत कधीच येणार नाही. प्रॉमिस?"

मी लगेच प्रॉमिस केलं. हातात रिपोर्ट असताना मला कसली भीती!

त्या हिवाळ्यात माझे वडील नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी भंडाऱ्याकडच्या एका लहानशा तलावावर, पाटबंधारे खात्यात गेली. रोज सकाळी आठ वाजता पावसाचं माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं. इथे आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी नातीची शाळेतली पट्टी मागच्या अंगणात रोवली. जानेवारीत पट्टी बुडाली, तेव्हा मला एक लांब लाकडी पट्टी आणायला लावली. शेजारचे अमेरिकन काका कुंपणावरून कौतुकाने बघायचे.

पण नोंद करताना वडील अडले. "रसवंतीत उसाच्या रसात टाकतात तोही बर्फच, अन् आभाळातून भुरभुरतो तोही बर्फच. मग वहीत लिहायचं काय?" मी 'हिम' हा शब्द सुचवला. ते म्हणाले, "हिम कॅलेंडरवरच्या चित्रात असते. अंगणात नसते." मग त्यांनी स्वतःच दोन रकाने आखले: कच्चा आणि पक्का. बोट रुतलं तर कच्चा, नाही रुतलं तर पक्का. मुलीला याची फार गंमत वाटली, कारण 'बर्फ' म्हटलं की तिला इंग्रजीतलं 'बार्फ', म्हणजे ओकारी, ऐकू येते. आजोबा रोज सकाळी ओकारीची वही भरतात, असं तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं. त्या हसण्या-हसण्यात ती रोज त्यांच्याबरोबर अंगणात जाऊन बोट रुतवायला लागली. आजोबांना तिचं इंग्रजी निम्मं कळायचं, तिला त्यांचं मराठी निम्मं. दोघांचं बरं चाललं होतं. मी मात्र त्या रकान्यांकडे कधी नीट पाहिलं नाही. मला काय गरज? माझ्याकडे फोन होता.

ठरलेल्या शनिवारी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की सकाळी बर्फ फर्म असेल, दुपारपर्यंत सॉफ्ट होईल. फर्म म्हणजे पक्का, हे माझ्या डोक्यात आपोआप झालं. वीस वर्षं मी इथे दिवसभर इंग्रजीत बोलतो, भांडतो, नोकरी करतो, पण हा शब्द मी नागपुरात बसल्यासारखा वाचला. पक्का रस्ता, पक्का रंग, पक्की नोकरी. आमच्या वस्तीत कुणी घरावर स्लॅब टाकला की 'घर पक्कं झालं' म्हणून पेढे वाटायचे. पक्क्या वस्तूने कुणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नव्हतं. आणि सॉफ्ट म्हणजे सगळा चिखल. तेव्हा दुपारच्या आत पोचायलाच हवं, म्हणून मी सहालाच सगळ्यांना उठवलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते हे. बायकोची त्या दिवशी ड्यूटी होती, त्यामुळे मी, मुलगी आणि वडील असे तिघेच निघालो.

"पप्पा, इज इट आइस?" मुलीने गाडीत विचारलं.

"नाही गं. फर्म आहे. एकदम बेस्ट."

मागून वडील म्हणाले, "काल दिवसभर छपरावरून पाणी गळत होतं. रात्री पारा चांगलाच उतरला. पाहून घे बरं नीट."

"बाबा, हिलवरची माणसं रोज उतारावर मशीन फिरवतात. त्यांना कळतं." हे मी जरा तोडूनच बोललो. ते पुढचा रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिले.

हिलवर पोचलो. मुलीने बूट चढवले, स्की लावल्या, लिफ्टकडे निघाली. तेवढ्यात वरून एक बाई आली आणि आमच्यासमोर थांबली. उलथन्याने तवा खरवडावा तसा खर्रकन आवाज झाला. मुलगी जागच्या जागी थांबली. तिने हातातली काठी खाली टेकवली. टक् वाजलं.

"पप्पा, धिस इज आइस."

"अगं, रिपोर्टमध्ये तर..."

"यू प्रॉमिस्ड."

ती ओरडली नाही. खाली बसून बकल काढायला लागली. आणि मी काय बोललो, तर, "इतक्या लांब आलोय, एकदा ट्राय तरी कर!" मला आजही त्याची लाज वाटते. ती रडू दाबत होती, हे मला समोर दिसत होतं.

वडिलांनी हातमोजा काढला, वाकले आणि अंगठा दाबून पाहिला. "पक्का आहे," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन खिशात टाकला आणि तिच्याजवळ गुडघ्यावर बसलो. "मी चुकलो. फर्मचा अर्थ मी उलटा घेतला," म्हणालो. ती म्हणाली, "लेट्स गो होम."

घरी गेलो असतो तर तो विषय कायमचा संपला असता. ते मला कळत होतं, पण आता तिला काही सांगायला माझं तोंड राहिलं नव्हतं. वडिलांनी उन्हाकडे पाहिलं, मग उताराकडे. "आठचं रीडिंग आठचं," ते नातीला म्हणाले. "दुपारचं वेगळं राहते. थांबू थोडं. नाही जमलं तर जाऊ घरी. पोळ्या तर खाऊन घेऊ."

कॅफेटेरियात आम्ही पोळी आणि शेंगदाण्याची चटणी उघडली. दर अर्ध्या तासाने वडील टोपी घालून बाहेर जायचे, अंगठा दाबायचे, आत येऊन "पक्का" म्हणायचे आणि वहीत वेळ टाकायचे. दोनदा मुलीने मान वर केली नाही. तिसऱ्यांदा केली. चौथ्यांदा ती त्यांच्याबरोबर गेली. काचेतून मला दोघांच्या वाकलेल्या पाठी दिसत होत्या. मीही उठलो होतो, पण मला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून परत बसलो.

एकच्या सुमाराला मुलगी आत आली, स्की उचलल्या आणि बाहेर पळाली. मी तिच्या मागे गेलो. ती स्की लावून आजोबांसमोर उभी होती.

"आजोबा, कच्चा?"

"कच्चा."

"पक्का?"

"पक्का."

ती लिफ्टकडे गेली. वरून खाली येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. ती हळूहळू, प्रत्येक वळणावर पाय तपासत आली. खरवडल्याचा आवाज कुठे नव्हता. आमच्यासमोर ती अशी थांबली की आजोबांच्या पँटवर ओला बर्फ उडाला. मग ती आणखी चार वेळा गेली. मला फार आनंद झाला. आणि खरं सांगायचं तर थोडं जळायलाही झालं. विचारलं तिने त्यांना होतं.

एप्रिलमध्ये वडील नागपूरला परत गेले. वही नातीकडे ठेवून गेले.

यंदा डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघंच हिलवर गेलो. रिपोर्ट मी सकाळी वाचला होता, पण घरात वाचून दाखवला नाही. लिफ्टच्या अलीकडे ती थांबली. मला वाटलं, आता नागपूरला फोन लावेल. ती माझ्याकडे वळली.

"पप्पा, कच्चा?"

मी हातमोजा काढला, वाकलो आणि अंगठा दाबला. पेरभर आत गेला. "कच्चा," मी म्हणालो.

"पक्का?"

मी चार पावलं पुढे गेलो, तिथेही दाबून पाहिला, आणि मग म्हणालो, "पक्का." तिने आधी माझ्या अंगठ्याला लागलेला बर्फ पाहिला, आणि मग बूट स्कीमध्ये अडकवले.