फुलवाला आणि माझा नेटका जबाब

नातवंडांनो, पोलिसांच्या कॉम्प्युटरने आमच्या फुलवाल्याला अडकवलं, असं तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं. गिरगावात आमच्या वाडीतही सगळे तसंच म्हणतात. ते खरं नाही, म्हणून हे लिहिते आहे. फुलवाला म्हणजे तोच, सकाळी इतरांची पुडी दाराच्या कडीला अडकवून आपली मात्र बेल वाजवून हातात देणारा आणि तुमची चौकशी करणारा.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्यातली चांदीची भांडी भर दुपारी चोरीला गेली. मी तेव्हा गॅलरीत साबुदाण्याच्या पापड्या उलटत होते. चष्मा आत टेबलावर. पिशवी घेऊन जिन्याकडे जाणारा एक माणूस पाठमोरा दिसला. चाल फुलवाल्यासारखी वाटली.

पोलीस स्टेशनात दुपार जाणार, अशी तयारी करूनच मी गेले होते. आजोबांचं पाकीट मारलं तेव्हा हवालदार कार्बन घालून लिहीतच बसला होता. या वेळी तिथली तरुण हवालदार म्हणाली, आजी, तुम्ही नुसतं बोला. मी बोलले: पापड्या, चष्मा, पाठ, "असेलही, नक्की नाही सांगता येत." चहा येईपर्यंत स्क्रीनवर जबाब तयार. एआय पाल्हाळ काढून टाकतं, आमचा लिहिण्याचा वेळ वाचतो, पण चुकलं तर तुम्हीच सांगायचं, असं तिने बजावलं आणि सावकाश वाचून दाखवलं.

जबाब सुरेख होता. ऑफिसात मी आयुष्यभर लोकांचे मसुदे तपासले. इतका मुद्देसूद मसुदा क्वचितच कोणी दिला असेल. "फुलवाला पिशवी घेऊन जिना उतरताना मी पाहिला." त्यात चष्मा नव्हता, पाठ नव्हती. माझ्या ते लक्षात आलं. पण सवयीने मी दोष काढला तो दुसराच. पत्त्यात खोलीनंतर मजला हवा, म्हटलं. तिने बदललं.

"आता बरोबर?"

"बरोबर."

त्या नेटक्या मजकुरात माझा गोंधळ परत घालायचा, म्हातारीला धड दिसत नाही असं लिहून घ्यायचं, हे मला नको वाटलं.

मग फुलवाल्याला रोज स्टेशनात बोलावून बसवून ठेवू लागले. वाडीतल्या दारांच्या कड्या रिकाम्या राहिल्या. शेजारच्या वाडीने तिथे पुड्या देणाऱ्या त्याच्या बायकोला पुडी बंद करायला सांगितलं, हे कानावर आलं तेव्हा मी गेले आणि चष्म्यासकट पुरवणी जबाब दिला. त्याचं बोलावणं थांबलं. मशीनने घोळ घातला, आजींनी निस्तरला, असं काकू सगळ्यांना सांगत सुटल्या. मी ऐकून घेतलं.

तो परत आला त्या दिवशी बेल वाजवून उभा राहिला.

"आजी, तुमच्यामुळे सुटलो. त्या मशीनने वाट लावली होती माझी."

एवढं मात्र मला गिळवलं नाही.

"मला वाचून दाखवलं होतं," मी म्हणाले. "राहिलेलं मला कळलं होतं. तरी मी बरोबर म्हटलं."

तो माझ्या खांद्यावरून आत देव्हाऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "पुडी चालू ठेवायची ना?"

मी हो म्हटलं. पुडी रोज येते, पूर्वीइतकीच भरलेली, बेलाचं पान न विसरता. फक्त आता ती कडीला अडकवलेली असते. बेल वाजत नाही, आणि तुमची चौकशीही कोणी करत नाही.