ओलेटाचं माप

व्हर्लिन टॅडलॉकनं उभ्या जन्मात एक काडतूस भरलं नव्हतं. नेमबाजीचा शौक त्याचा, भरण्याचं काम बायकोचं. ओलेटा शाळेच्या स्वयंपाकघरात राबून यायची आणि हात धुऊन गॅरेजातल्या बाकाशी बसायची. वापरलेल्या पितळी पुंगळ्या घासायच्या, तळाशी ठिणगीची नवी टोपी बसवायची, मापानं बंदुकीची दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबायची. रविवारी चर्च सुटलं की मोंटानातल्या त्या गावाबाहेर, खडीच्या खाणीत क्लबची मंडळी जमायची. व्हर्लिनला बघून कुणी ना कुणी म्हणायचंच, "आला बघा! बायकोच्या हातचं खातो आणि बायकोच्या हातचंच उडवतो."

व्हर्लिन हसायचा. खोटं काय होतं त्यात?

बिटाची काढणी चालू होती तेव्हा ओलेटा गेली. बाकाशी बसली असतानाच छातीत कळ आली. "उरलेलं आल्यावर करते," म्हणून गाडीत बसली, ती दवाखान्यातून घरी आलीच नाही.

तिनं भरलेली काडतुसं त्यानं पुरवून पुरवून वापरली. तीही संपली. पण बाकावरच्या मापयंत्राचं नळकांडं अजून दारूनं निम्मं भरलेलं होतं. मापाचा स्क्रू तिनं फिरवून ठेवला तसाच. दांडा ओढायचा अवकाश, तिच्याच हिशेबाची दारू पुंगळीत पडणार. म्हणजे थोडे रविवार अजून तिच्या हातचे शिल्लक होते. एवढ्या एका गोष्टीवर तो माणूस सकाळी अंथरुणातून उठत होता.

काम शिकायला त्यानं आर्विड क्नुटसनला बोलावलं. आर्विड म्हणजे क्लबमधलं जुनं खोड, रेल्वेच्या कारखान्यात हयात घालवलेला. आल्या आल्या त्यानं नळकांड्याकडे बोट केलं.

"ही कुठली?"

"ओलेटाची."

"ओलेटाची ते मलाही कळतंय लेका. डबा कुठला?"

व्हर्लिननं फळीकडे पाहिलं. दोन डबे खांद्याला खांदा लावून उभे. एकातली दारू तेज जळणारी, दुसऱ्यातली मंद.

"तिची रीत होती," आर्विड म्हणाला. "मापात ज्यातली दारू, तोच डबा बाकावर. दुसरा फळीवर. बाकावर कुठला होता?"

मयतीच्या दिवशी त्यानं गॅरेज आवरलं होतं. बाक पुसला होता. बाकावरचा डबा उचलून दुसऱ्याच्या शेजारी नीट लावला होता.

"मी आवरलं रे. माणसं येणार होती म्हणून."

"गॅरेजात? गॅरेजात कोण बसणार होतं, गव्हर्नर?"

"हातांना कायतरी काम पाहिजे होतं."

आर्विड नळकांड्याशी डोळा लावून बघू लागला. राखाडी, बारीक पापुद्रे. दोन्ही डब्यांत तसलेच.

"वासावरून?" व्हर्लिननं विचारलं.

"लोणचं आहे का ते?"

"मग एक मारून बघू. बंदूक खुंटाला बांधून, लांबून दोरीनं."

"आणि बरी गेली तर? तेवढ्यानं डबा कळतो? तिनं दारू बदलली असेल आणि स्क्रू फिरवायचा राहिला असेल तर? मंद दारूचं माप तेज दारूला लागलं ना, तर रिव्हॉल्व्हरचं चक्र फुटून थोबाडात येईल तुझ्या. कुठली ते ठाऊक नसेल तर टाकायची. दुसरी बात नाही."

"टाकायची म्हणजे..."

"टाकायची म्हणजे टाकायची, व्हर्लिन. मी टाकू का? तू आत जाऊन बस."

"नको. माझं मी बघतो."

आर्विड गेला. व्हर्लिननं काही टाकली नाही. कॉफीचा मग घेऊन तो गॅरेजात यायचा, स्टुलावर बसायचा. एकदा तर दांड्याखाली पुंगळी धरून दांडा ओढलाच. सुर्र असा हलका आवाज झाला. हा आवाज तो भिंतीपलीकडून, टीव्हीसमोर बसून ऐकत आला होता. पुंगळीत बॅटरी मारून त्यानं पाहिलं. तळाशी राखाडी काहीतरी होतं. कुठल्या डब्यातलं, ते काही कळत नव्हतं.

त्याला आठवलं, काम चालू असताना एकदा मुलीचा फोन आला होता. बोलून आल्यावर ओलेटानं भरत आणलेल्या सगळ्या पुंगळ्या उपड्या केल्या.

"अगं, सगळ्या कशाला?" तो म्हणाला होता.

"कुठवर आले होते आठवत नाही. एखादीत दोनदा पडली असेल."

"एखादीतच ना?"

"ती एखादी तुझ्याच हातात असायची," असं म्हणून ती पहिल्यापासून भरायला बसली होती.

व्हर्लिननं पुंगळी नळकांड्यात रिकामी केली, नळकांडं काढलं आणि अंगणात गेला. गवतावर दव गोठलेलं होतं. बियाणं फेकावं तशी त्यानं दारू मूठमूठ, पातळ विस्कटली. वाऱ्यानं थोडी त्याच्या पँटवर आली. ती झटकायला त्याचा हात होईना.

मग मंद दारूचा डबा बाकावर घेतला, दारूच्या मापांचं पुस्तक उघडलं. आर्विडनं बजावलं होतं, पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात कर. पण त्यासाठी स्क्रू फिरवावा लागणार, हे त्याच्या आता ध्यानात आलं. बोटं स्क्रूवर ठेवून तो बराच वेळ बसला. फिरवला तेव्हा स्क्रू अगदी सहज फिरला.

रविवारी खाणीत त्याच्या पहिल्या गोळीचा आवाज फुसका निघाला. ती लागलीही निशाणाच्या कागदाच्या पार तळाला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"खालच्या मापानं असंच व्हायचं," आर्विड म्हणाला. "पुस्तकातली वरची हद्द सोडू नको, पण थोडीथोडी वाढव. ओलेटाच्या मापापाशी येशील."

"किती होतं तिचं?"

"मला काय माहीत? काडतुसांच्या खोक्यांवर लिहायची की ती."

लिहायची खरी. खोकं रिकामं झालं की व्हर्लिन ते शेगडीत घालायचा. त्यावर काय लिहिलंय, हे त्यानं एकदाही वाचलं नव्हतं. त्यानं मान खाली घालून चक्रात पुढची काडतुसं सरकवली आणि नेम धरायला पुन्हा हात उचलला.