बांचा रस्ता आणि गाडीचे पाटे

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती विलायती गाडी मी मुंबईच्या एका मिठाच्या व्यापाऱ्याकडून स्वस्तात घेतली, तेव्हा पनवेलच्या बाजारात लोक तिच्याकडे बघून हसले होते. हसू देत. मागचं एक दार काथ्यानं बांधलेलं होतं, भोंगा वाजलाच तर वाजायचा, पण गाडी चालायची. मी मिठाची दलाली करायचो. रोज सकाळी पनवेलहून निघून गव्हाणच्या अंगाला आमच्या मिठागरावर जायचं, तिथून आसपासच्या आगरांवर फिरायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचं. सोबत बा.

बा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म मिठागरावर गेला. पांढऱ्या मिठावरचं ऊन बघून बघून म्हणा, नाहीतर वयानं म्हणा, त्यांची नजर गेली होती. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी रोज आगरावर जायचंच. बांधावर बसायचं, मूठभर मीठ तळव्यावर चोळून बघायचं आणि कामाच्या माणसांना मनसोक्त शिव्या घालायच्या. पावसाळ्यात आगर बंद असलं की हाच माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, भाकरी अर्धी टाकायचा. आम्हाला दर वर्षी त्या चार महिन्यांची धास्ती असायची.

रस्ता म्हणजे नुसता मुरूम आणि खड्डे. बा पुढे माझ्या शेजारी बसायचे आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्या नावानं हाक मारायचे. शाळेपाशी गाडी आदळली की, "हा शालंपुढचा." पुन्हा आदळली की, "ही चिंच." मग, "हा पूल." मला वाटायचं, माझ्या गाडीला टोमणे मारतात. मी आधीच तापट. "बा, खड्डे मी खणलेत काय?" असं कितीदा तरी ओरडलो असेन. ते हसायचे आणि पुढच्या खड्ड्याची वाट बघायचे.

मग त्यांची पाठ धरली. खाली बसले की उठता येईना. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "हे गाडीतले धक्के बंद करा. मणका पार कामातून जाईल, मग कायमचे खाटेवर." आत बांना ऐकू गेलंच. "मंग खाट आगरावर न्या," आतून आवाज आला.

आता आली का पंचाईत? नेलं तर पाठ जाणार, न नेलं तर माणूस जाणार. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, आणि त्या गाडीच्या नव्या स्प्रिंगा मुंबईतही मिळाल्या नसत्या. म्हटलं, आहे तीच गाडी मऊ करू.

पळस्प्याच्या नाक्यावर ट्रक दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्यानं गाडीखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "शेठ, स्प्रिंगांचे पाटे कमजोर झालेत. एकेक पाटा वाढवू, गाडी एकदम मजबूत." मजबूत म्हणजे चांगलं, असं मलाही वाटलं. एका मोडलेल्या ट्रकचे पाटे कापून त्यानं माझ्या गाडीच्या चारी कमानींत बसवले. परत येताना माझेच दात वाजायला लागले. अहो, ट्रकमध्ये माल भरलेला असतो म्हणून तो पाटा वाकतो, आमच्या गाडीत दोन माणसं आणि एक पाण्याची कळशी! मी तसाच मागे फिरलो आणि मिस्त्रीशी कचकचून भांडलो. तोही भला माणूस, त्यानं चहा पाजला, वाढवलेले पाटे काढले आणि म्हणाला, "आता तुम्हीच बघा, माझा हात ट्रकावर बसलाय."

मीच बघितलं. रविवारी अंगणात गाडीखाली गोणपाट टाकून आडवा झालो. पाटे एकमेकांवर सरकायला हवेत, तेव्हा कमान लवते, एवढं मला ठाऊक होतं. इथे सगळे पाटे गंजून एकजीव झाले होते. रोज मिठागरावर उभी राहणारी गाडी, दुसरं काय होणार! ज्या मिठावर आमचं पोट चालायचं, ते गाडीला खात होतं. मी सगळे पाटे सुटे केले आणि विटेचा तुकडा आणि रॉकेल घेऊन घासत बसलो. बायको ओटीवरून बघत होती. "लग्न झाल्यापासून माझं एक पातेलं घासलं नाय कधी," ती म्हणाली. मग पदर खोचून तीच खाली उतरली आणि दोन पाटे माझ्यापेक्षा चकचकीत करून दिले.

चारी कमानींतला खालचा एकेक जाड पाटा मी परत घातलाच नाही. बाकीच्यांना मधून ग्रीस चोपडलं आणि खारं पाणी आत जाऊ नये म्हणून वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. गाडी छान लवायला लागली, पण इतकी की एका धक्क्याला पाच वेळा डुलायची. ती उडी जिरवणारे शॉक ॲब्झॉर्बर कधीच कोरडे पडले होते. मिस्त्री म्हणाला, जुन्या गाड्यांत एरंडेल चालतं. मी वाण्याकडे गेलो.

"एवढं एरंडेल?" वाण्यानं विचारलं. "घरात काय लग्नाचं जेवण होतं?"

"गाडीला जुलाब द्यायचाय," मी म्हटलं. तो बाटली भरेपर्यंत हसत होता.

आणि काय सांगू, गाडी बदलली! खड्ड्यातून जाताना पोटातलं पाणी हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बांना बसवलं, पाठीला उशी दिली, आणि मोठ्या ऐटीत निघालो. शाळा गेली, चिंच गेली, पूल गेला. बा गप्प. मला वाटलं, खूश आहेत. आगरावर गाडी थांबवली तर घाबरून माझा हात धरला.

"मधीच कशाला थांबलास? बिघडली काय?"

"बा, आगर आला."

ते माझा हात धरून चाचपत उतरले. त्या दिवशी शिव्यासुद्धा बेतानंच घातल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाक मारली तर म्हणाले, "मना नाय यायचा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमच्यापायी मी गाडीखाली लोळलो, सगल्या बाजारात हसं करून घेतलं, आनि आता नाय यायचा? पाठ दुखली काय?"

"पाठ बरी हाय."

"मंग?"

"माझा रस्ता नेलास तू," बा म्हणाले. "शालंपुढचा खड्डा आला का मना शाला दिसायची. चिंच दिसायची. पुलावर आपटलो का खाडी दिसायची. आता गोणीत भरून नेल्यासारखा वाटतं. कुठं हाय, काय समजत नाय."

मी ओटीवर बसलोच. म्हणजे ते टोमणे नव्हतेच. तो त्यांचा रस्ता होता आणि मी तो एरंडेल घालून पुसून टाकला होता. जाड पाटे परत घालावेत तर पुन्हा पाठ जाणार. शेवटी म्हटलं, "चला. मी सांगतो रस्ता."

"तू? घरात दोन शब्द बोलत नाय तू."

खरं होतं ते. पहिल्या दिवशी मी स्टेशनमास्तरसारखा ओरडत गेलो. शाळा आली. चिंच आली. बांनी लगेच विचारलं, "चिंचंखाली कोन बसलाय?" मी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून वेग कमी करून बघायला लागलो. चिंचेखाली एक म्हातारी सुकट विकायला बसायची, ते मला तेव्हा कळलं. पुलावरून भरती-ओहोटी सांगायची. कोणाच्या आगरात मिठाच्या राशी किती उंच झाल्या ते सांगायचं, मग बा त्या आगरवाल्याच्या आजोबापासूनच्या भानगडी सांगायचे आणि आम्ही दोघं हसत सुटायचो. आगरावरच्या शिव्याही पहिल्यासारख्या सुरू झाल्या. पाठ पुन्हा धरली नाही.

पुढच्या हंगामात एकदा माझं एका व्यापाऱ्याशी वाजलं होतं. तोंड फुगवून गाडी चालवत होतो, एक अक्षर बोललो नाही.

"चिंच गेली रं," बा म्हणाले.

मी चमकलो. "तुमाला कसा समजला?"

"चिंचंपाशी तू पाय उचलतोस. गाडी धीमी होते. शालंपाशी पन, पुलावर पन. मना कवाच समजतं."

"मंग रोज मना कशाला बोलायला लावता?"

"तू बोलतोस ना," बा म्हणाले, "ते बरा वाटतं."

मग पुलापाशी मी पाय उचलला, खाली खाडीकडे बघितलं आणि म्हटलं, "बा, पूल आला. भरती हाय."